खंडेनवमीची खुर्ची

एका व्हिडिओ गेम कंपनीने भोपाळच्या मॉलमध्ये आपलं सगळ्यात मोठं दुकान थाटलं आणि मी तिथे लागले. दारात छताला टेकणारा तलवारधारी योद्धा, आत भिंतभर पडदा आणि मधोमध रेसिंगची खुर्ची. पडद्यावरची गाडी ठोकली की ती खुर्ची बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करायची. सोनागिरीपासून चार इमलीपर्यंतची पोरं तिच्यासाठी रांग लावत. ती माझ्या ताब्यात होती. आम्ही तिघं कच्च्या नोकरीवर होतो, पक्कं एकालाच करणार होते.

बाबा कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा त्यांनी एकदाही चुकवली नाही. शाळेत असताना माझी कंपासपेटी, कॉलेजात कॅल्क्युलेटर, सगळं त्यांच्या पान्यांशेजारी पाटावर बसायचं. त्या वर्षी मी सकाळीच बजावलं, "तिकडे येऊ नका. बंगळुरूहून साहेब यायचेत." ते हो म्हणाले. पण माझं यंत्र बिनपूजेचं राहणार, हे काही त्यांना सोसवेना.

बाराच्या सुमाराला आलेच. योद्ध्याच्या पायाशी चपला काढल्या आणि अनवाणी थेट खुर्चीपाशी. मी साहेबांना पडदा दाखवत होते. वळून बघते तर स्टिअरिंगवर हळदकुंकू, झेंडूची माळ, सीटवर नारळ. रांगेतली पोरं फिदीफिदी हसत व्हिडिओ काढत होती.

"ये कौन हैं? आप जानती हैं?" साहेबांनी विचारलं.

"नहीं सर."

घाबरून बोलले, असं मी आईला नंतर सांगितलं. साफ खोटं. मला त्या क्षणी त्या माणसाची किळस आली होती. तेवढ्यावर तरी थांबायचं, तर तेही नाही. गार्डला म्हटलं, "इन्हें बाहर करो. और ये सब साफ करवाओ."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साहेबांना हात जोडून म्हणाले, "माफ करना साहब, गलत दुकान में आ गया." गार्डने दंडाला धरून नेलं. त्यांच्या चपला मीच माळेबरोबर कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. साहेब खूश झाले. संध्याकाळी पक्कं झाल्याचं पत्र हातात पडलं.

घरी आई बाबांच्या तळपायांना तूप चोळत होती. डांबर तापलेलं होतं म्हणे. पाटावर त्यांचे पाने आणि आईची विळी मांडून ठेवलेली. मी दरवर्षीसारखी माझी वस्तू, म्हणजे गळ्यातलं कंपनीचं कार्ड, शेजारी ठेवली. बाप आहे, जातोय कुठे, असंच मनात होतं.

त्यांनी पान्यांना कुंकू लावलं, विळीला लावलं. मग कार्ड दोन बोटांत उचलून आईकडे वळले.

"हे कुणाचं?"

"अहो, पोरीचं."

"मी ओळखत नाही," बाबा म्हणाले, आणि कार्ड खाली फरशीवर ठेवून त्यांनी निरांजन लावलं.