मोतीबाईचा अंगठा

शहाद्याच्या बाजारात एक गोष्ट बायका तोंडाला पदर लावून सांगत. मोतीबाई गोंदणारीने उदेसिंग पाटलाच्या लग्न झालेल्या लेकीच्या दंडावर नवऱ्याऐवजी भलत्याच माणसाचं नाव गोंदलं, आणि पाटलाने बैलांचा कडबा कापायच्या विळ्याने तिचा अंगठा उडवला. कोणी म्हणे, अंगठा तापीत फेकला. कोणी म्हणे, पाटलाच्या कुत्र्याने पळवला. ते भलतं नाव कोणाचं, यावर तर चार गावांत चार मतं होती, आणि त्यातली दोन नावं ज्यांची होती ते गृहस्थ उगीचच मिशीला पीळ देत फिरत.

मोतीबाई होती तशीच बोलण्याजोगी. बाजाराच्या दिवशी कडुलिंबाखाली बसायची. पोरीचं मनगट गुडघ्याखाली दाबायचं, दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवायची आणि सुया चालवायच्या. पोर ओरडली की म्हणायची, "सासूले आठव वं, म्हंजे सुई गोड लागी!" पोर रडता रडता हसे. डोंगरातल्या भिल्ल बायका आणि तापीकाठच्या गुजर बायका एरवी एका सावलीत बसत नसत. हिच्यापुढे बसत.

तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखात एक काळी उभी रेघ होती. तिला विचारलं की ती गमतीत सांगे, "मन्हं सोतानं गोंदण शे हाई. फुकटनं!" तीस वर्षं काजळीत हात; रेघ शाईची नसणार तर कशाची? आणि गोंदण माणसाबरोबर वर जातं, बाकी सगळं इथंच राहतं, हे तर ती रोज बायकांना ऐकवायची. मग रेघ धुऊन जात नाही याचं तिला नवल वाटायचं कारणच नव्हतं.

एका हिवाळ्यात रेघ रुंद झाली. नख तडकलं, खालून रक्त येऊ लागलं. काळेपणा नखाच्या मुळाजवळच्या कातडीवर उतरला. सारंगखेड्याच्या जत्रेत जसोदाबाई नावाची गुजर बाई नात घेऊन आली. पोरीने हात पुढे केला, आजीची नजर मोतीबाईच्या अंगठ्यावर गेली, आणि तिने नातीचा हात मागे ओढला. त्या दिवशी मोतीबाईपुढे आणखी कोणी बसलं नाही. "महारोग" हा शब्द मोठ्याने म्हणावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती लोणखेड्याच्या वाटेवरच्या कोठावदे डॉक्टरांकडे गेली.

"शाई शे, डाक्टरभाऊ," ती म्हणाली. "तेवढी काढी द्या."

डॉक्टरांनी नख उजेडाकडे धरलं. "बाई, कातडीतली शाई राहते. नखातली कशी राहील? नख वाढतं, तू ते कापतेस. शाई असती तर नखाबरोबर पुढे सरकून कधीच कापली गेली असती. ही मुळातून रोज नवी येते आहे."

मोतीबाईने अंगठा वळवून पाहिला. आयुष्यभर नखं कापली होती, पण हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मंग महारोग शे का?"

"डोळ्याने सांगता येत नाही. नखाचा आणि त्याखालच्या मांसाचा तुकडा काढून मुंबईला पाठवावा लागेल. तिथे भिंगाखाली पाहतील."

"आणि मन्ही सुई? हाऊ अंगठा नही तं सुई कशी धरू?"

"आत्ता तुकडाच काढतो," डॉक्टर म्हणाले.

अंगठा कोमट पाण्यात भिजवला. बुडाशी रबराची नळी घट्ट बांधली, दोन्ही बाजूंनी बधिर करायचं औषध टोचलं. लोटन कंपाउंडर, मोठा थट्टेखोर माणूस, तिचं मनगट धरून म्हणाला, "मोतीबाई, सासूले आठव!"

"मरी गयी ती," मोतीबाई म्हणाली, "नही तं तिले तुन्हाकडेच धाडती." पण तिचा दुसरा हात बाकाची कड सोडत नव्हता.

डॉक्टरांनी पातळ पातं नखाखाली सरकवून नख अर्धं उचललं. काळ्या रेघेचा मुळापासूनचा तुकडा, खालच्या मांसासकट, गव्हाच्या दाण्याएवढा. तो औषधाच्या बाटलीत पडला तेव्हा तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. बाटली नंदुरबारहून रेल्वेने गेली.

उत्तर आलं तेव्हा डॉक्टरांनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"महारोग नाही, बाई. त्याहून वाईट आहे. दुसऱ्याला लागत नाही, पण तुझ्या अंगात पसरेल. अंगठा आज काढला तर कदाचित थांबेल."

तिने अंगठा दुसऱ्या मुठीत धरला. मग म्हणाली, "काढा. पण कोनले सांगू नका. रोगवालीनी सुई कोनी टोचू देवाव नही."

लोटनच्या पोटात एरवी एक गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नसे. ही त्याने मोतीबाई मरेपर्यंत टिकवली.

बाजारात पट्टी बांधलेला हात दिसला आणि कोणीतरी पाटलाचं नाव घेतलं. "पाटीलनी तोडा ना वं?" असं बायकांनी विचारलं की मोतीबाई नुसती हसायची. पाटलानेही नाकारलं नाही. फुकटचा दरारा कोण सोडतो? विळ्याला कोणी भीत नाही, रोगाला भितात. बायका पुन्हा येऊ लागल्या, अर्ध्या तर ते भलतं नाव कोणाचं हे काढून घ्यायलाच. ती डाव्या हाताने गोंदायला शिकली. तिची पहिली फुलं वाकडी आली. ती वाकडी फुलं मिरवणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत.

तीन वर्षांनी तिच्या उजव्या काखेत गाठ आली. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

पाटलाच्या लेकीला मोतीबाईने कधी गोंदलंच नव्हतं. तिच्या नखाखाली कॅन्सर होता, आणि अंगठा कोठावदे डॉक्टरांनी तिला विचारून काढला.