साहेबांच्या जिभेवर आधी भरीत गेलं

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी दारूला शिवलेलं नाही आणि तरीही दारूच्या परीक्षेचा बट्ट्याबोळ आमच्याच घरात झाला. तो मी केला. (शाळेची चौथी मात्र मी पहिल्याच वेळी पास झाले होते.)

दारू केली होती भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी. व्यापाऱ्यानं नाकारलेली डागाळलेली केळी गुरांपुढे टाकताना त्यांचा जीव तुटायचा. मग ते कुठूनसं शिकून आले आणि केळीची वाइन करायला बसले. खळ्यातल्या खोलीत निळा ड्रम, झाकणातून सलाइनची नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. बाटलीत दिवसभर बुडबुडे यायचे. पहिल्या खेपेला नुसता आंबट सिरका झाला. दुसऱ्या खेपेला झाकण उडालं आणि केळी पत्र्याला जाऊन चिकटली. तिसरी खेप मात्र निवळून सोन्यासारखी पिवळी आली.

सासऱ्यांना, आबांना, हे सांगायची सोय नव्हती. आबा माळकरी. त्यांनी वासाची चौकशी केली तेव्हा भाऊजी म्हणाले, केळीच्या पानांवर करपा रोग पडतो त्यावर फवारायचं औषध आहे. आबांना मुलाचं एवढं कौतुक वाटलं की गावात सांगून आले. दोघंजण औषध मागायला कॅन घेऊनही आले!

आणि एक दिवस नाशिककडचे साहेब येणार असं ठरलं. वाइनच्या कारखान्यात चव घेऊन पास-नापास करणं हीच त्यांची नोकरी. (अशी नोकरी असते हे मला तोवर माहीत नव्हतं.) त्यांनी पास केली तर कारखाना आमची केळी घेऊन ही वाइन करून बघणार होता. नापास केली तर भाऊजी सुरतेला कापडाच्या दुकानात नोकरीला जाणार होते. तसं त्यांनी मला चुलीपाशी बसून सांगितलं. मी काही बोलले नाही, मी बोलतच नाही. पण घरात माझ्याशी सावकाश, उत्तराची वाट बघत बोलणारे तेवढेच एक. मी हे लिहितेय ती वहीसुद्धा त्यांनीच आणून दिलेली. ते गेले तर मी गप्प तरी कुणापाशी बसणार?

भाऊजींनी मला एकच बजावलं होतं. साहेबांना चव घ्यायच्या आधी काही खायला द्यायचं नाही. नुसता साधा पाव आणि पाणी.

साहेब भर दुपारी आले. सडपातळ, पांढरा सदरा. बरोबर विकतच्या दोन बाटल्या, एक स्वस्त, एक भारी. आपली या दोघींत कुठे बसते ते बघू म्हणाले. भाऊजी खळ्यात आपली बाटली आणायला गेले आणि मी साहेबांसमोर पाव ठेवला. बाराचं ऊन डोक्यावर, माणूस एवढ्या लांबून आलेला आणि पुढ्यात कोरडा पाव! माझ्यानं बघवेना. मी भरताचं ताट आणून ठेवलं. कपाशीच्या काटक्यांवर भाजलेली वांगी, हिरव्या मिरच्या मोजल्या नव्हत्या, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

साहेब नको म्हणाले. आमच्याकडे पाहुण्याचं पहिलं नको धरत नाहीत. मला बोलून आग्रह करता येत नाही, म्हणून मी नुसतं वाढते. त्यांनी सभ्यपणानं एक घास घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आईची आठवण आली. मी आणखी वाढलं.

भाऊजी परत आले तेव्हा ताट साफ होतं आणि साहेबांचे कान लाल होते.

तीन पेल्यांत तीन वाइन ओतल्या. साहेब चव घेऊन थुंकतात म्हणून भाऊजींनी परात ठेवली होती. परात कोरडीच राहिली. नाक वाहत असल्यानं साहेबांना वास येईना. पहिला पेला त्यांनी पाण्यासारखा घटाघटा प्यायला. दुसराही. तिसरा तर दोन्ही हातांनी. मग कागदावर तिन्ही नावांपुढे एकच शब्द लिहिला: मिरची.

तेवढ्यात आबा दारात. साहेबांचे डोळे गळताहेत, तोंड लालबुंद, हातात पेला. शेजारी भाऊजींची ओळखीची बाटली.

"प्रकाश," आबा भाऊजींना म्हणाले, "हे तर करप्याचं औषध. मग हा माणूस ते काहून पिऊन राहिला?"

भाऊजी बाटली पाठीमागे लपवू लागले. साहेबांना बोलता येईना. आबांनी साहेबांना काखेत धरून उठवलं, मीठ-पाणी मागितलं, जीप काढायला सांगितली आणि तोंडात बोट घालून ओकायला लावू लागले. साहेब हात जोडत होते. आबांना वाटलं, माणूस शेवटचा नमस्कार करतोय.

लग्नाला अठरा वर्षं झाली, आबांसमोर मी मान वर केली नव्हती. त्या दिवशी पदर खोचून मधे उभी राहिले.

"आबा, सोडा त्यायले. औषध नाही ते, दारू हाये. अन् रडू माझ्या भरताचं हाये."

आबांनी पेला नाकाशी नेला, बराच वेळ धरला.

"आपल्या केळीचा वास हाये," ते म्हणाले. मग भाऊजींकडे वळले. "बापाशी खोटं नको बोलू. अन् पाहुण्याले ताक दे."

साहेब उरलेली बाटली घेऊन गेले. चार दिवसांनी, जीभ ठिकाणावर आल्यावर, फोन आला. वाइन पास. स्वस्त बाटलीच्या वर, भारीच्या जरा खाली. भाऊजी सुरतेला गेले नाहीत.

आता साहेब दर मोसमाला येतात. त्यांची एकच अट असते आणि ती आबाच पाळतात. आदल्या दिवशी ते मला स्वतः अमळनेरच्या एसटीत बसवून माहेरी धाडतात. एक थेंब न पिता, दारूपायी घराबाहेर काढलेली आमच्या गावात मी एकटीच आहे.