एकवीस एकांची भिंत

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा मला अमर व्हायची हुक्की आली. मुरुमजवळच्या एका शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. आठवण म्हणून झाड लावावं, तर पाणी कोण घालणार? भिंतीवर फोटो लावून घ्यायला आधी मरावं लागतं. म्हणून ठरवलं, शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक संख्या रंगवून जायचं. एकापुढं एक, असे एकोणीस एक.

दिसायला बावळट, पण ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानंही भाग जात नाही. दर वर्षी सातवीच्या वर्गात मी ती फळ्यावर लिहायचो आणि छाती फुगवून सांगायचो, "हिला कुणी तोडू शकत नाही." आपल्यामागं शाळेत न तुटणारं काहीतरी राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

मुख्याध्यापक म्हणाले, "सर, नुसते एकच? लोक म्हणतील, मास्तरला पुढचे आकडे येत न्हाईत." त्यांचा विषय इतिहास, म्हणून मी सोडून दिलं.

रंगाऱ्याला संख्या कागदावर लिहून दिली. हा म्हातारा ढोकीकडच्या उसाच्या ट्रॉल्या रंगवायचा आणि प्रत्येक ट्रॉलीवर न मागता एक मोर काढायचा. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी दोन दिवस एका लग्नाला गेलो आणि परतलो तो थेट उद्घाटनाला.

गणित किती सोपं असतं, हे पाहुण्यांनी अर्धा तास अवघड करून सांगितलं. पडदा सरकला, टाळ्या पडल्या. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, ह्याला तीननं भाग जातोय."

मी पाहुण्यांकडं बघून हसलो. "अंकांची बेरीज कर बघू. एकोणीस. तीननं जातो का?"

"बेरीज एकवीस येतीय, सर."

अंकांच्या बेरजेला तीननं भाग गेला की संख्येलाही जातो, हे तिला मीच शिकवलं होतं. मी भिंतीवरचे एक मोजले. पुन्हा मोजले. एकवीसच. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'ही मूळ संख्या आहे.'

रंगारी मांडवात भजी खात बसला होता. विचारलं तर उलट खुशीत आला. "एकोणीस कोण ठिवतंय सर? मोदक म्हना, दुर्वा म्हना, एकवीसच असत्यात. जागा बी शिल्लक हुती. वरचं दोन माज्याकडनं."

"ते दोन पुसा."

"दिल्यालं माघारी घेत न्हाईत, सर."

आमच्याकडं वांगी घेतली तरी विकणारा मापावर दोन टाकतोच, आणि नको म्हटलं तर रुसतो. आता रंगाऱ्यानं माझ्या संख्येवरही दोन टाकले होते. त्या दिवशी मला रडूच आलं, आणि बायकोनं त्या रडण्यालाही हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन आली. तिनं एकवीस एकांचे तीन-तीनचे गट पाडले होते. प्रत्येक गट एकशे अकरा, म्हणजे तीन गुणिले सदतीस. "सर, सदतीसनं बी जातोय. अजून बघतीय." मग जरा घुटमळून तिनं विचारलं, "तुमची ती एकोणीसची, ती तुमी सोता तपासल्याली का?"

तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. एका पुस्तकात वाचलं होतं आणि त्या जिवावर एवढी वर्षं छाती फुगवली होती.

"नाही," मी म्हणालो. लाज वाटली.

ती वहीत बघत म्हणाली, "मग हीच राहू द्या की सर. ही तरी आमी तपासलीय."

संध्याकाळी मी रंगाऱ्याला बोलावलं आणि 'आहे' पुसून तिथं 'नाही' लिहायला लावलं. शेजारी त्यानं एक मोर काढला. तोही मी राहू दिला.