काका हललेच फार
मे २००४, जव्हारचा फोटो स्टुडिओ. हजर मी, साखरशेतची मावशी आणि स्टुडिओवाला. मावशीला लेकीच्या हळदीची कॅसेट सीडीवर हवी होती, कारण नुकत्याच वारलेल्या तिच्या नवऱ्याचं, काकांचं, हलतं चित्र तेवढंच होतं. कॅसेट सीडीवर उतरवायच्या त्याच्या दोन सॉफ्टवेअरपैकी सावकाश चालणारं लावा, असं मी बजावलं. "ताई, हे चौपट फास्ट, क्वालिटी सेम टू सेम!" म्हणत त्याने घाईचंच लावलं. सीडीवर एका जागी बसलेले पाहुणे स्वच्छ दिसले. नाचायला उठलेल्या काकांचे मात्र, घाईत हलतं चित्र फुटून, नुसते चौकोन झाले. "आरं, यो माझा घोव हाय का लादी?" मावशी कडाडली. "मावशी, काका हललेच फार," तो निर्लज्जपणे म्हणाला. असल्यांना घड्याळ तेवढं दिसतं, माणूस दिसत नाही. मी कॅसेट काढून घेतली. सीडी कधी देतेस, असं मावशी अजून विचारते, आणि चालू कॅसेट प्लेअर शोधून ती कॅसेट नीट उतरवून घेणं माझं अजून राहिलंच आहे.