घरच्या चार पायऱ्या

मतदानाचा दिवस, सकाळी आठ. हजर: चाकांच्या खुर्चीत सासूबाई, मी, शेजारचे सावंत, त्यांचा जावई आणि वॉचमन.

आम्ही चौघांनी खुर्ची उचलली, तेव्हा सासूबाईंनी डोळे मिटले आणि साडीच्या निऱ्या दोन्ही हातांनी घोट्यांशी घट्ट धरल्या. इमारतीच्या चार पायऱ्या उतरेपर्यंत त्या तशाच बसून होत्या.

मला लेकीचं हॉलंड आठवलं. तिथे अशा खुर्चीतली म्हातारी माणसं एकटी बाजारात जातात, ट्राममध्ये चढतात. परत आल्यापासून मी भेटेल त्याला तेच ऐकवते आहे: तिथलं सरकार माणसांचा विचार करतं, आपल्याकडे कुणाला पडलीय?

मतदान केंद्र शाळेत होतं. दारात फळ्यांचा उतार केलेला होता; वेडावाकडा, पण होता. मी एकटीने खुर्ची आत नेली. बाहेर आल्यावर बोटावरची शाई न्याहाळत सासूबाई म्हणाल्या, "सरकारची पायरी चढले गं. घरचीच तेवढी अवघड."

"उचलायला माणसं आहेत की, आई."

"आहेत ना. म्हणून तर खाली नेता का, असं विचारत नाही मी."

आमच्या इमारतीत उताराला जागा एकच आहे, आणि तिथे माझी गाडी उभी असते. सोसायटीची चिटणीस मीच. सभेत हा विषय दरवेळी पुढे ढकलते तीही मीच.

परतल्यावर पुन्हा खुर्ची उचलली, पुन्हा त्या निऱ्या घट्ट धरल्या गेल्या.

आजची बाकी सगळी कामं उरकली. गाडी अजून तिथेच आहे.