चाळणीवरचं जोडवं

एम.टेक.च्या शेवटच्या वर्षी मी अमरावतीला काँक्रीटमध्ये राख मिसळत होते. कापूस वेचून झाला की शेतात नुसती पऱ्हाटी उभी राहते. ती जाळून, राख बारीक चाळून थोड्या सिमेंटच्या जागी वापरता येते का, एवढंच बघायचं होतं. राख दर्यापूरकडच्या माझ्या मामानं गोण्यांत भरून पाठवली होती. पहिले ठोकळे ओतून झाले होते, साच्यातून काढून हौदात पाण्याखाली ठेवले होते.

त्याच गोणीतली उरलेली राख चाळताना एका दुपारी चाळणीवर काहीतरी वाजलं. खिळा असेल म्हणून राख झटकली, तर काळं पडलेलं, एका बाजूनं वितळलेलं जोडवं. आजूबाजूला पांढरे, हलके, भुसभुशीत तुकडे. मी चाळणी तशीच खाली ठेवली आणि बाहेर येऊन मामाला फोन लावला.

"का झालं वं?"

मी सांगितलं. मामा म्हणाला, "वावरातली राख कमी पडली व्हती. गड्याले म्हटलं, भेटन तिथून भर. नाल्याकाठी पऱ्हाटीची राख पडेल व्हती म्हणे. पन तिथं मसनवटा हाये ना बाई. सरणात पऱ्हाटीच लावते लोक."

पुढच्याच आठवड्यात मामा गावातल्या एका बाईला घेऊन आला. तिची आई नुकतीच गेली होती, नवऱ्याच्या आधी, म्हणून जोडव्यांसकट जाळलेली. राख सावडताना एकच जोडवं सापडलं होतं. तिनं पदराची गाठ सोडून ते माझ्या टेबलावर ठेवलं. दोन्हींवर एकच नक्षी.

"मायचंच हाये," ती म्हणाली. रडली नाही. "बाकीची माय कुठी हाये?"

मी तिला हौदापाशी नेलं. तिनं बांगड्या मागे सारल्या, वाकून पाण्यात हात घातला आणि एका ठोकळ्यावर तळवा टेकवला.

"ऊन हाये."

मीही हात घातला. पाणी गार होतं, ठोकळा कोमट. सिमेंट घट्ट होताना तापतं खरं, पण ते पहिल्या एखाद्या दिवसात. हे ठोकळे कधीचे पाण्यात होते. मी हात काढून ओढणीला पुसला, पुसतच राहिले.

"या ठोकळ्यायचं का करान आता?"

"मशीनमध्ये दाबतात. फुटेपर्यंत."

"नका फोडू, ताई."

माझ्या गाइड सरांनी सगळं ऐकून ठोकळे आणि राख देऊन टाकायला सांगितलं. मी मामाला आणि तिला सवारीच्या जीपपर्यंत सोडायला गेले. बाकीचे ठोकळे आणि उरलेली राख मामानं पोत्यात घातली होती. एक तिनं ओल्या कापडात गुंडाळून मांडीवर घेतला.

"ओ बाई, वजन वरतं टाका," ड्रायव्हर म्हणाला.

"थे वरतं नाई बसत," ती म्हणाली. शेजारची बाई आपणहून सरकली.

पुढची पऱ्हाटी मी स्वतः उभी राहून जाळली. निकाल बरे आले, पदवीही मिळाली. आता अकोल्याला शिकवते.

नोकरी लागल्यावर मी तिला एकदा फोन केला. पोत्यातलं सगळं पूर्णा नदीत सोडलं होतं. मांडीवरचा ठोकळा तेवढा अंगणात ठेवला होता.

"बाबा रोज त्याच्यापाशी जाऊन बसते," ती म्हणाली. "बोलत राह्यते, हासते. आमी त्यायले काईच सांगतलं नाई, ताई. कोनीच नाई सांगतलं."