वॉर्निशाखालचं मीठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला वाटतं, ह्या माणसाच्या पोटात काही राहतच नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण आत्ताही दार लावून घेतलंय. कशाची भीती? विचारणारं कुणी उरलेलं नाही. तरी आहे.

सुरुवात कुठून करू? सर्किटापासून करतो. ते सोपं आहे.

मला घरी सर्किट बनवायचा नाद होता. तांब्याचा पत्रा चढवलेली पाटी आणायची, नको तेवढं तांबं रसायनानं खाऊन टाकायचं, उरलेल्या रेघांवर सुटे भाग सोल्डर करायचे. चौसाळ्याच्या आतल्या बाजूला असलेल्या आमच्या गावात हे करणारा मी एकटाच. बिघडलेले रेडिओ माझ्याकडे यायचे, आणि लोक ‘इंजिनेर’ म्हणायचे. मी इंजिनियर नव्हतो. रेडिओ दुरुस्त करायचो, पण लोकांचा हा शब्द कधी दुरुस्त केला नाही.

त्या दुष्काळात गावात चालू राहिलेली एकच गोष्ट म्हणजे दूध संस्था. शेतात काही नव्हतं. टँकर आला तर पाणी. जनावरं जगवायची ती संस्थेच्या पेंडीवर, आणि पेंड मिळायची ती दूध घालणाऱ्यालाच. अशात कुजबुज सुरू झाली, कुणीतरी दुधात पाणी घालतंय. चेअरमन मला म्हणाले, "इंजिनेर, तू कायतरी बनीव की बे." मी बनवलं. एक डबी, तिला दोन कांड्या. कांड्या दुधात बुडवायच्या. हिरवा दिवा लागला तर दूध चांगलं, लाल लागला तर पाणी.

उद्घाटनाचा दिवस ठरेपर्यंत आतलं सर्किट गोठ्याशेजारच्या खोलीत कित्येक दिवस पडून राहिलं. गोमूत्राची वाफ तांब्याला खाते. रेघा काळ्या पडल्या होत्या, सोल्डरभोवती हिरवट बुरशी आल्यासारखी झाली होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन. डबीचं झाकण मी मुद्दाम पारदर्शक बसवलं होतं — लोकांना आतली कारागिरी दिसावी म्हणून. त्यातून हे काळं ध्यान दिसणार?

काय करायचं ते मला माहीत होतं. हे नीट ऐका, कारण इथं माझी सुटका नाही. काळे पडलेले ट्रॅक, म्हणजे त्या तांब्याच्या रेघा, खोडरबरानं हलके घासायचे. मग स्पिरिट आणि ब्रशनं धुवायचे. उन्हात पूर्ण कोरडं करायचं, आणि मगच वरून वॉर्निशचा पातळ हात द्यायचा, म्हणजे हवा लागत नाही. स्पिरिट संपलं होतं. त्यासाठी बीडला जावं लागलं असतं, उद्घाटन पुढं ढकलावं लागलं असतं.

आई ओट्यावर तांब्याची घागर घासत होती. चिंच आणि मीठ. घागर कशी लखलखत होती! मला वाटलं, तांबं ते तांबं. चिंचेचा गोळा घेतला, मीठ लावलं आणि सर्किट घासलं. काय चमकलं म्हणून सांगू. आता धुवायला भरपूर पाणी हवं. बॅरल तळाला गेलेलं. आईनं अर्धा तांब्या दिला, तोही मचूळ. त्यातच विसळलं, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसलं, आणि ओलसरपणा असतानाच वॉर्निश मारलं. चिंचेचा आंबटपणा आणि मीठ आत, वर वॉर्निश. लोणच्याच्या बरणीला झाकण लावावं तसं.

उद्घाटन झालं. नारळ फुटला, शाल मिळाली. झाकणातून सर्किट सोन्यासारखं दिसत होतं.

लाल दिवा लागला सुमनमावशीच्या दुधाला.

सुमनमावशी ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली. एकटी बाई, एक म्हैस. लांबून चालत यायची म्हणून रांगेत शेवटी असायची. आणि रांग संपत आली की संस्थेत कॅन वाफवायला उकळतं पाणी आणायचे, खोलीत वाफ भरायची. पण हे मला नंतर जुळलं. त्या दिवशी फक्त लाल दिवा दिसला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी लोक तिची दुधाची कासंडी पुढं यायची वाटच बघत होते.

मावशी म्हणाली, "आमाला प्यायलाच पानी न्हाई बाबा, दुधात कुटलं घालू?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. नक्की आठवत नाही — नाही, आठवतं. हसलो.

दुसऱ्या कुणाचं नाव असतं, पाटलाचं असतं, तर लोकांनी आधी डबी उघडायला लावली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. मावशीच्या बाबतीत कुणाला डबी उघडावीशी वाटली नाही. मला तरी कुठं वाटली?

संस्थेनं तिचं दूध बंद केलं. दूध बंद म्हणजे पेंड बंद. मग एके दिवशी चेअरमनचाच चुलता उशिरा, खोलीत वाफ भरल्यावर आला, आणि त्याच्या दुधाला लाल दिवा लागला. चेअरमन म्हणाले, "मशीन बिघडली वाटतं." लगेच! मी डबी घरी आणली. वॉर्निशाखाली रेघांच्या मधून हिरवट धागे पसरले होते. वाफ लागली की मीठ ओल धरायचं, वीज आडवाटेनं पळायची आणि लाल दिवा लागायचा. एका नजरेत सगळं कळलं.

वॉर्निश खरवडलं. बीडहून स्पिरिट आणलं, धुतलं, उन्हात वाळवलं, नवा हात दिला. चेअरमनला सांगितलं, धूळ बसली होती. त्यांनी मान हलवली. मावशीचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मी तर नाहीच. तोवर तिची म्हैस बाजारात गेली होती आणि ती लेकीकडं परळीला.

त्यानंतर संस्थेसमोरून जाताना मी मान खाली घालायचो. कुणी मागून हाक मारली की वाटायचं, कळलं. कधीच कुणाला कळलं नाही. पुढं दुकान टाकलं, चाललं. अजून एखाद्या सर्किटावर हिरवट डाग दिसला की हातातलं काम सोडून मी आधी तो धुवून काढतो.

एवढंच असतं तरी एक वेळ... पण एवढंच नाही.

मावशी आता हयात नाही. म्हणून तोंड उघडतोय का? तसंच असणार. मरण्याच्या थोडं आधी ती मला चौसाळ्याच्या स्टँडवर भेटली होती. तिनंच ओळखलं. मी पळायला जागा शोधत होतो, आणि ती माझ्या तोंडावरून हात फिरवत होती. बोलता बोलता दुधाचा विषय तिनंच काढला. म्हणाली, "म्या लई इचार केला रं. कासंडी धुताना तळाला पानी ऱ्हायलं आसंल. मशीन कावून खोटं बोलंल? तू श्यानासुरता हाईस. तूच सांग."

ती माझ्याकडं बघत थांबली. एसटी यायला वेळ होता. सांगायला भरपूर वेळ होता.

मी म्हणालो, "आसंल, मावशी."

तिनं मान डोलावली. मग पिशवीतून दोन सीताफळं काढून माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली. घरी आणून खाल्ली.